केळीच्या बागेतला नोड नऊ मायक्रोअँपिअर खातो की पाचशे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रावेर तालुक्यातल्या एका डिप्लोमाच्या विद्यार्थ्याने घरच्या केळीच्या बागेसाठी जमिनीतला ओलावा मोजणारा नोड बनवला आहे. आत एटमेगा३२८पी कंट्रोलर, लांबवर रेडिओने आकडा पाठवणारं लोराचं मॉड्यूल, एमसीपी१७०० रेग्युलेटर आणि १८६५० चा एक लिथियम सेल. दर अर्ध्या तासाने नोड जागा होतो, आकडा पाठवतो आणि झोपतो. झोपेत ८-१० मायक्रोअँपिअर लागावेत असा त्याचा हिशेब. मोजण्यासाठी त्याने सेलच्या मायनसच्या वायरीत १० ओहमचा रेझिस्टर घातला, त्यावर स्कोप (ऑसिलोस्कोप, व्होल्टेजची रेघ पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावला, आणि नोड नेमका कधी झोपतो ते कळावं म्हणून यूएसबी-सिरियल मॉड्यूलने लॅपटॉपही जोडून ठेवला. आकडा कधी ४० येतो, कधी ५००, कधी चक्क उणे. कूलर लावला की बदलतो. नुसता मल्टिमीटर लावला तर ९ दाखवतो. बागेत नेऊन, विहिरीवरच्या खोलीतून लॅपटॉपला लाईट घेऊन मोजलं की पुन्हा भलतंच काहीतरी. यातला खरा आकडा कोणता, आणि महागातला मीटर घ्यावाच लागेल का, असं तो विचारतो.

भाऊ, मीटरवर पैसे घालू नकोस. तुझा ९ हाच आकडा खरा असावा. बाकीचे आकडे तुझ्या नोडचे नाहीतच, ते तुझ्या घराच्या वायरिंगचे आहेत. मी जळगावात बरीच वर्षं ठिबकचे टायमर आणि कंट्रोलर बनवतो, दुरुस्त करतो. बारीक करंट मोजताना जितके आकडे मी चुकलेले पाहिले, त्यातले निम्म्याहून जास्त ग्राउंड दोन ठिकाणी जोडल्यामुळे चुकलेले होते. मीटर वाईट होता म्हणून चुकलेले फार थोडे.

आधी कागद घे आणि चित्र काढ. स्कीमॅटिक नको, टेबलावर जे जे आहे ते सगळं काढ: नोड, स्कोप, लॅपटॉप, चार्जर, एक्स्टेंशन बोर्ड, भिंतीतलं सॉकेट. आता नोडच्या ग्राउंडवर बोट ठेव आणि तांब्याच्या मागे मागे चालत जा. यूएसबी-सिरियलची काळी वायर, तिथून यूएसबी केबलचा ग्राउंड, लॅपटॉप, चार्जर. चार्जर तीन पिनांचा असेल तर बहुतेक वेळा त्याचा मायनस आणि अर्थिंगची पिन आतून एकच असतात. म्हणजे बोट भिंतीत गेलं. भिंतीतल्या हिरव्या वायरीने दुसऱ्या सॉकेटला, तिथून स्कोपच्या प्लगमध्ये. स्कोपचं बीएनसीचं बाहेरचं कडं थेट अर्थिंगला असतं, आणि प्रोबची काळी क्लिप म्हणजे तेच कडं. ती क्लिप तू लावली आहेस सेलच्या मायनसला, म्हणजे तुझ्या १० ओहमच्या दुसऱ्या टोकाला.

बघ, रेझिस्टरच्या एका टोकापासून निघून दुसऱ्या टोकाला पोचलास, आणि रेझिस्टरमधून गेलाच नाहीस. १० ओहमला समांतर अशी एक वायर तूच जोडून ठेवली आहेस, फक्त ती टेबलाखालून आणि भिंतीतून फिरून येते म्हणून डोळ्याला दिसत नाही. या सगळ्या वाटेचा रेझिस्टन्स धरू १ ओहम. मग नोडच्या करंटचे अकरा भाग केले तर दहा भाग भिंतीतून जातात आणि एकच भाग तुझ्या रेझिस्टरमधून. ९ मायक्रोअँपिअर असतील तर रेझिस्टरला एकसुद्धा पुरता मिळत नाही.

हा झाला अर्धा घोटाळा. उरलेला अर्धा त्याहून वाईट आहे, कारण ती वाट नुसती रिकामी पडून राहत नाही, तिच्यात स्वतःचं व्होल्टेज असतं. अर्थिंगच्या वायरीत करंट नसतो असं आपण शिकतो. घरात तसं नसतं. फ्रिज, कॉम्प्युटरचे फिल्टर, आणि आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत अहोरात्र चालणारा कूलर, हे सगळे थोडा थोडा करंट अर्थिंगमध्ये सोडत असतात. जुन्या कूलरचा पंप पाण्यात बसलेला असतो, वायंडिंग ओलं होतं, आणि २० मिलिअँपिअर गळती सहज होते. तुझा लॅपटॉप एका सॉकेटवर आणि स्कोप दुसऱ्यावर असेल, मधे ५ मीटर १ स्क्वेअर एमएमची अर्थिंगची वायर असेल, तर तिचा रेझिस्टन्स ०.०९ ओहमच्या आसपास. २० मिलिअँपिअर त्यातून गेले की १.८ मिलिव्होल्ट तयार. ऐकायला काहीच नाही. पण तेच १.८ मिलिव्होल्ट तुझ्या १० ओहमवर येऊन बसले की स्कोप तुला दीडशेच्या वर मायक्रोअँपिअर दाखवणार, तेही पन्नास हर्ट्झने वरखाली होणारे. अर्धा वेळ अधिक, अर्धा वेळ उणे. तुझा उणे आकडा तिथून आला. कूलर लावल्यावर आकडा का हलतो, त्याचं उत्तरही हेच.

आता एक गोष्ट खेड्यातल्या वायरिंगबद्दल सांगतो, कारण तुझा आकडा एकदम ५०० वर जातो म्हणतोस त्यावरून मला शंका येते. आपल्याकडे बऱ्याच घरांत वेगळी अर्थिंग केलेलीच नसते. वायरमन सॉकेटच्या मागे न्यूट्रलवरून एक तुकडा अर्थिंगच्या पिनला मारून देतो आणि टेस्टिंगला सगळं बरोबर दिसतं. तसं असेल तर कूलरची गळती सोड, कूलरचा अख्खा करंट जिथून जातो ती वायर तुझा ग्राउंड झाली. त्याच ०.०९ ओहममधून १ अँपिअर गेला की ९० मिलिव्होल्ट. बारीक करंट मोजणं तिथे अशक्यच, पण त्याहून मोठी भीती वेगळी आहे: मागे कुठे न्यूट्रल तुटला की कूलरचा पत्रा, स्कोपची बॉडी, लॅपटॉपचं मेटल, सगळं जिवंत होतं. हे आधी तपासून घे. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ अशी तिन्ही व्होल्टेज कूलर चालू असताना बघायची. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये लोड असताना थोडा तरी फरक दिसायला हवा. तो अगदी ०.० दिसला तर सॉकेट उघडून बघायला लाव, स्वतः उघडू नकोस, माहितीतल्या वायरमनला बोलव.

आणि खरी अर्थिंग असली तरी ती मे महिन्यात कशी आहे तेही बघ. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि खड्ड्यातल्या प्लेटपासून सुटते. मीठ-कोळसा घालून खड्डा केला, पाच वर्षं कोणी त्याकडे बघितलं नाही, अशी अर्थिंग असून नसल्यासारखी. खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी पडलं पाहिजे.

भिंतीतून फिरून येणारी ही वाट म्हणजेच ग्राउंडचा लूप. तो आहे की नाही हे ठरवायला एक मिनिट लागतं. मोजणीची सगळी जोडणी जशी आहे तशीच ठेव आणि फक्त सेल काढ. आता नोडला करंट द्यायला सेल नाही, रेझिस्टरवर काहीही दिसायला नको. तरीही स्कोपवर रेघ हलत असेल तर ती रेघ नोडची नाही. मग लॅपटॉपचा चार्जर काढ. फरक पडला? मग यूएसबी उपसून काढ. कोणती वायर काढल्यावर रेघ मेल्यासारखी सरळ होते, तिथे तुझा लूप. कोणताही बारीक करंट मोजण्याआधी मी हे करतोच, आज बावीस वर्षांनंतरही करतो.

याला कारण आहे. सुरुवातीच्या काळात अमळनेरकडच्या एका कापसाच्या शेतासाठी मी असाच एक सेन्सर केला होता. टेबलावर ०.१५ मिलिअँपिअर दिसला. २००० मिलिअँपिअर-अवरचा सेल, म्हणजे दीड वर्ष काळजी नाही असं मी त्या शेतकऱ्याला सांगितलं. दोन महिन्यांच्या आत त्यांचा फोन आला, "भाऊ, बॅटरी उतरी गयी." मी गेलो, सेल बदलला, परत आलो, पुन्हा मोजलं, पुन्हा ०.१५. तिसऱ्या वेळी लॅपटॉप न जोडता मोजलं तेव्हा १.६ दिसला. टेबलावर दहापैकी नऊ भाग भिंतीतून जात होते आणि मला एकच दिसत होता. लूप नेहमी आकडा फुगवतोच असं नाही. तो कमीही करून दाखवतो, आणि कमी दाखवतो तेव्हा जास्त घातक, कारण आपल्याला हवा तोच आकडा समोर दिसतो आणि आपण शोधणं थांबवतो.

आता तुझ्या यूएसबी-सिरियलची दुसरी खोडी. तो मॉड्यूल जोडलेला असताना त्याची टीएक्स, म्हणजे पाठवणारी, लाईन मोकळ्या वेळेत सतत हाय असते, ३.३ किंवा ५ व्होल्टला. ती तुझ्या कंट्रोलरच्या आरएक्स, म्हणजे ऐकणाऱ्या, पिनला आहे. पिनच्या आत सप्लायकडे जाणारा संरक्षक डायोड असतो. कंट्रोलर झोपलेला, त्याची भूक नऊ मायक्रोअँपिअरची, तेवढं त्या एका पिनमधून आरामात मिळतं. नोड सेलवर चालतो असं तुला वाटतं, प्रत्यक्षात लॅपटॉप त्याला भरवत असतो. सेल काढून बघ, नोड चालूच राहतो की नाही. मी तर एक नोड असा पाहिला आहे जो सेल नसताना पाच मिनिटं पॅकेट पाठवत होता. म्हणून झोपेतला करंट मोजताना सिरियलची वायर काढलीच पाहिजे, नुसती टीएक्स काढून ग्राउंड ठेवला तरी लूप शिल्लक राहतोच. नोड झोपला की नाही हे कळायला एक एलईडी लाव, जागा झाल्यावर एकदा लुकलुकेल आणि विझेल. तेवढं पुरे.

दोन पिनांचा चार्जर असलेला लॅपटॉप वापरला तर सुटका होईल असं वाटेल. अर्थिंगच नाही, मग लूप कसा होणार? होतो, कारण अशा चार्जरमध्ये मेन्सच्या बाजूकडून आउटपुटकडे एक छोटा कपॅसिटर मुद्दाम ठेवलेला असतो, साधारण १ नॅनोफॅरडचा. चार्जरचा विजेतला आवाज (नॉइज) दाबायला तो लागतोच. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर त्यातून ७२ मायक्रोअँपिअरपर्यंत जाऊ शकतात. उन्हाळ्यात अनवाणी बसून लॅपटॉपच्या मेटलवरून मनगट फिरवलं की ज्या झिणझिण्या येतात त्या ह्याच. तुझ्या सगळ्या नोडच्या भुकेच्या आठपट करंट त्या एका कपॅसिटरमधून यूएसबीच्या ग्राउंडवर येतो आणि स्कोपच्या अर्थिंगमधून घरी जायला वाट शोधतो. वाटेत तुझा रेझिस्टर असतो. मोबाईलच्या चार्जरवर नोड चालवून मोजणाऱ्यांचंही हेच होतं.

इथे एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. यावर उपाय म्हणून स्कोपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढू नकोस. दोन पिनांचा अडॅप्टर लावून स्कोप "फ्लोटिंग" करायचा सल्ला तुला कुणी ना कुणी देणार. लूप तुटतो हे खरं. पण त्यानंतर क्लिप जिथे लावशील त्या व्होल्टेजला स्कोपची अख्खी बॉडी जाते. मी शिकाऊ असताना ज्या वर्कशॉपमध्ये होतो तिथे एका स्कोपची पिन अशीच काढलेली होती. एका मुलाने एसएमपीएसच्या (स्विचिंग पॉवर सप्लायच्या) मेन्सकडच्या बाजूला, प्रायमरीला, क्लिप लावली आणि दुसऱ्या हाताने स्कोपचा नॉब फिरवायला गेला. तिथे सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतात. तो वाचला, कारण टेबलावरून मागे फेकला गेला. हात बरा व्हायला दोन महिने लागले. मायक्रोअँपिअर मोजण्यासाठी असं काही करायची गरजच नाही, कारण आपल्याकडे त्याहून चांगला रस्ता आहे: मोजणाऱ्याला घराशी जोडूच नये.

बॅटरीवर चालणारा मल्टिमीटर म्हणजे कुणाशीही न जोडलेलं बेट आहे. तो मायनसला लाव की प्लसला, भिंतीपर्यंत जाणारी वाटच नाही. म्हणून तुझा ९ मला खरा वाटतो. मी तर तो प्लसच्या बाजूला लावतो, म्हणजे नोडचा ग्राउंड अखंड राहतो आणि चुकून दुसरी वायर लागली तरी मीटरला बगल मिळत नाही. पिवळ्या डीटी८३० सारख्या साध्या मीटरच्या २०० मायक्रोअँपिअरच्या रेंजमध्ये आत १ किलोओहम असतो. ९ मायक्रोअँपिअरला ९ मिलिव्होल्ट पडतात, नोडला कळतसुद्धा नाही. अडचण तो जागा झाला की. लोरा पूर्ण ताकदीने पाठवताना १२० मिलिअँपिअर मागतो, आणि १ किलोओहममधून ते कधीच मिळणार नाहीत. व्होल्टेज कोसळतं, कंट्रोलर रीसेट होतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा कोसळतो, आणि मीटरवर तू त्या तडफडीचा आकडा वाचत बसतोस.

यावर लोक मीटरला समांतर शॉटकी डायोड लावतात, म्हणजे पाठवतानाचा मोठा करंट त्यातून जावा. १एन५८१९ सारखा शॉटकी इथे चालत नाही, कारण काही मिलिव्होल्टलाही तो मायक्रोअँपिअरच्या हिशेबात करंट सोडतो, आणि आपल्या ४४ अंशांत अजून जास्त. साधा १एन४००७ ९ मिलिव्होल्टला झोपलेला असतो, पण पाठवताना त्यावर पाऊण व्होल्ट पडतो आणि सेल अर्धा उतरलेला असेल तर नोड तेवढ्यानेही रीसेट होतो. मी सरळ एक टॉगल स्विच लावतो, मीटरच्या दोन्ही टोकांवर शॉर्ट. नोड सुरू करताना स्विचने मीटर शॉर्ट ठेवायचा. एलईडी लुकलुकून विझला, दोन सेकंद थांबलो, मग स्विचने शॉर्ट काढायचा आणि निवांत वाचायचं. पुढच्या अर्ध्या तासाच्या आत पुन्हा शॉर्ट.

आता ९ हा आकडा तरी कशावरून खरा? ओळखीचा करंट मोजून बघ. पेन्सिल सेल दोन, मालिकेत, आणि १ टक्क्याचा ३३० किलोओहमचा रेझिस्टर. सेल ३.० व्होल्ट असतील तर ९.१ मायक्रोअँपिअर, नवे कोरे ३.२ असतील तर ९.७. मीटरचा स्वतःचा १ किलोओहम ३३० च्या पुढे नगण्य. नोडच्या जागी हे लाव, बाकी काहीही हलवू नकोस, आणि मीटर काय म्हणतो ते बघ. बरोबर आला तर तुझी अख्खी जोडणी तपासली गेली, नुसता मीटर नाही. मी हा दोन सेलचा तुकडा टेपने गुंडाळून ड्रॉवरमध्ये कायम ठेवतो. तुझ्या स्कोपच्या जोडणीलाही तो लावून बघ, मग मी वर एवढं का लिहिलं ते डोळ्यांनी दिसेल.

स्कोपबद्दल आणखी एक. लूप नसता तरी तुला ९ दिसले नसते. १० ओहमवर ९ मायक्रोअँपिअर म्हणजे ९० मायक्रोव्होल्ट. साधा ८ बिटचा स्कोप २ मिलिव्होल्ट प्रति घरावर ठेवला तर आठ घरांचे १६ मिलिव्होल्ट २५६ पायऱ्यांत वाटले जातात, एक पायरी साडेबासष्ट मायक्रोव्होल्टची. तुझा सगळा सिग्नल दीड पायरीचा. स्कोप पाठवतानाच्या १२० मिलिअँपिअरचा आकार बघायला वापर, तिथे तो उत्तम आहे, आणि तेव्हा १ ओहम घाल. करंट मोजणाऱ्या आयएनए२१९ च्या मॉड्यूलचंही तेच: त्यावर मोजणीचा ०.१ ओहमचा रेझिस्टर (शंट) असतो आणि चिपची एक पायरी १० मायक्रोव्होल्टची, म्हणजे १०० मायक्रोअँपिअरच्या खालचं त्याला दिसतच नाही. सोलरच्या पॅनेलला लाव, झोपेच्या करंटला नको.

झोपेचा आलेख हवाच असेल, म्हणजे दर क्षणाला काय होतं ते बघायचं असेल, तर स्वतःच्या सेलवर चालणारा ॲम्प्लिफायर मधे घालावा लागतो. इलेक्ट्रॉनिक्सचे व्हिडिओ करणारे डेव्ह जोन्स यांचा मायक्रोकरंट हा ॲम्प्लिफायर याच तत्त्वावर आहे, १ मायक्रोअँपिअरला १ मिलिव्होल्ट देतो आणि बटन सेलवर चालतो. पण त्याचं आउटपुट स्कोपला दिलं की एक ग्राउंड खर्च झाला. दुसरा जोडायचा नाही, लॅपटॉप टेबलावरून उचलून ठेवायचा. लॅपटॉप हवाच असेल तर मधे यूएसबी आयसोलेटर, एडीयूएम३१६० वाला मिळतो. तो डीसीला वाट तोडतो, पण आतल्या डीसी-डीसी कन्व्हर्टरमधून वरच्या फ्रिक्वेन्सीचा थोडा आवाज पलीकडे येतोच, त्यामुळे एका मायक्रोअँपिअरच्या खाली मी त्याच्यावर विसंबत नाही.

वायरी लांब आणि पसरलेल्या ठेवू नकोस. जाणारी आणि येणारी वायर एकमेकींना पीळ देऊन आण, ट्रान्सफॉर्मर आणि चालू मोटारीपासून लांब. आणि रीडिंग एका क्षणाचं घेऊ नये, २० मिलिसेकंदांच्या पटीत सरासरी काढली, उदाहरणार्थ बरोबर २०० मिलिसेकंद, की पन्नास हर्ट्झ स्वतःच स्वतःला खाऊन टाकतो. ही दोन्ही कामं लूप तोडल्यावर करायची. लूप तसाच ठेवून सरासरी काढली तर आकडा स्थिर होतो, बरोबर होत नाही.

आता बाग. टेबलावर आणि बागेत फरक का, हे तू विचारलंस, आणि सगळ्या प्रश्नात मला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटला. तुझ्या ओलाव्याच्या प्रोबचा एक दांडा नोडच्या ग्राउंडला जोडलेला आहे आणि तो ठिबकखालच्या ओल्या मातीत फूटभर गाडलेला आहे. म्हणजे तो अर्थिंगचा इलेक्ट्रोडच झाला, घरामागच्या कोरड्या खड्ड्यापेक्षा कदाचित चांगला. तू विहिरीवरच्या खोलीतून लॅपटॉपला चार्जिंग लावून लांब वायर आणलीस, तेव्हा एक अर्थ मोटारीच्या स्टार्टरजवळ आणि दुसरा केळीच्या बुंध्यात. मधली जमीन ही तुझ्या लूपची तार. मोटार चालू असताना तिची गळती जमिनीतच पसरते, आणि जमिनीच्या दोन ठिकाणांमध्ये काही मिलिव्होल्ट काय, कधी व्होल्टभर फरक असतो. डीपीजवळ तर असतोच. मोटार बंद असताना मोजून बघ, आकडा निम्म्याने तरी शांत होईल. आठ तासांची लाईट येते-जाते तसा तुझा आकडा बदलत असेल तर शंकाच नको.

बागेत मोजताना मेन्सची एकही वायर आणू नकोस. लॅपटॉप आणायचाच तर त्याच्या बॅटरीवर, चार्जर घरी. आणि मी तर म्हणतो लॅपटॉप आणि करंटचा मीटर दोन्ही बाजूला ठेवून कपॅसिटरने मोज. यात कुठलाच लूप होऊ शकत नाही, म्हणून शेतात मी हेच करतो.

१००० मायक्रोफॅरडचा चांगला कपॅसिटर नोडच्या सप्लायवर सेलला समांतर लाव. १६ व्होल्टचा किंवा त्याहून जास्तीचा घे, म्हणजे ४ व्होल्टवर त्याची स्वतःची गळती कमी राहते, आणि लावल्यावर पंधरा-वीस मिनिटं भरलेला राहू दे. नोड झोपला की सेल काढून घे. आता नोड त्या कपॅसिटरवर जगतो. सेल ४.० व्होल्टचा होता असं धरू. घड्याळ लाव, आणि व्होल्टेज ३.५ वर यायला किती सेकंद लागले ते बघ. करंट म्हणजे कपॅसिटी गुणिले उतरलेलं व्होल्टेज भागिले वेळ: १००० मायक्रोफॅरड गुणिले ०.५ भागिले ९ मायक्रोअँपिअर, साडेपंचावन्न सेकंद. तुला पंचावन्नच्या आसपास मिळाले तर ९. पंचवीसच सेकंद लागले तर २०.

व्होल्टेज बघायला मीटर सतत लावून ठेवू नकोस. चांगल्या मीटरचा इनपुट १० मेगाओहमचा, ४ व्होल्टला ०.४ मायक्रोअँपिअर पितो, तेवढं चालेल. पण पिवळ्या मीटरचा इनपुट १ मेगाओहमचाच असतो, म्हणजे ४ मायक्रोअँपिअर, नोडच्या निम्मे. एकदा सुरुवातीला टेकव, मग थेट पन्नासाव्या सेकंदाला. कपॅसिटरवर छापलेला १००० हा आकडाही वीस टक्के इकडेतिकडे असू शकतो, म्हणून त्याच कपॅसिटरला नोडऐवजी ३९० किलोओहमचा रेझिस्टर लावून वेळ मोजून ठेव. ४.० वरून ३.५ वर यायला ५२ सेकंद लागायला हवेत. ४५ लागले तर कपॅसिटर तेवढा लहान आहे असं समजून पुढचे सगळे आकडे त्याच प्रमाणात कमी कर. आणि एकदा काहीच न जोडता नुसता कपॅसिटर दहा मिनिटं ठेवून बघ, तो स्वतः किती उतरतो ते.

प्रोब मातीत असताना एकदा आणि प्रोबची वायर नोडपासून काढून एकदा, असं दोन्ही मोज. दोन्हीत मोठा फरक आला तर झोपेतही तू प्रोबला व्होल्टेज देतोयस, प्रोबचा सप्लाय ज्या पिनवरून येतो ती झोपण्याआधी लो करायची राहिली आहे. फरक नाही आला आणि आकडा तरी १५-२० येतोय, तर आधी बोर्ड आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) धुऊन वाळव, फ्लक्सवर दमट हवा बसली की ३.३ व्होल्टला मायक्रोअँपिअर दोन मायक्रोअँपिअर सहज गळतात. आणि मोजायची वेळ लिहून ठेव. सिलिकॉनची गळती ढोबळमानाने दर १० अंशांना दुप्पट होते, त्यामुळे डिसेंबरच्या पहाटे ९ दाखवणारा नोड मे महिन्याच्या दुपारी उन्हात तापलेल्या डब्यात तेवढाच दाखवणार नाही. सेल किती दिवस पुरेल याचा हिशेब तू दुपारच्या आकड्यावर कर.